थंडी पडली की पायवाटेवरचा काउंटर चुकतो: नागपूर परिसरात काय, कसं आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

दिवाळी उलटली की ही तक्रार दरवर्षी ठरलेली. पायवाटेच्या तोंडाशी बसवलेलं, येणारी-जाणारी माणसं आपोआप मोजणारं यंत्र ऑक्टोबरपर्यंत बरं चालतं. डिसेंबरात त्याचा आकडा आणि डोळ्यांना दिसणारी गर्दी यांचा मेळ बसेनासा होतो. चौकीदार म्हणतो, “साहेब, रविवारी पाय ठेवाले जागा नव्हती बाप्पा, अन् मशीन म्हणते शनिवारपेक्षा कमीच आले. कसं होऊन राहिलं हे?” आणि त्याच यंत्रात रात्री दोन ते पाचच्या दरम्यान, वाट बंद असताना, तासाला पाच-सात माणसांची नोंद असते.

या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडतात, म्हणून घोळ वाढतो. रात्रीची खोटी मोजणी आणि सकाळची निसटलेली माणसं एकमेकांना झाकतात, दिवसाची बेरीज बरी दिसते आणि महिनाभर कुणाला शंका येत नाही. म्हणून पहिली गोष्ट अशी की दिवसाची बेरीज बघून यंत्र बरोबर की चूक हे ठरवू नका. लॉगरमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदी साठवणाऱ्या भागात, नोंदीचा कालावधी एक दिवस ठेवला असेल तर तो एक तास करा, जमलं तर पंधरा मिनिटं. पुढचं सगळं निदान या तासागणिक आकड्यांवर उभं आहे.

इथे मी मुख्यतः पॅसिव्ह इन्फ्रारेड, म्हणजे समोरून सरकणारी उष्णता टिपणाऱ्या पीआयआर काउंटरबद्दल लिहितोय. आपल्याकडच्या मोकळ्या पायवाटांना तोच परवडतो आणि तोच सोयीचा पडतो. पेंचला सिल्लारी गेटवर परमिटवरून माणसं कळतात, तिकिटाच्या बागेत खिडकीवरून कळतात. अडचण अंबाझरी, गोरेवाडा, सेमिनरी हिल्स यांसारख्या भागांत येते. तिथे पहाटे फिरायला येणाऱ्यांत मासिक पासवाले असतात, बाजूच्या वाटेने शिरणारे असतात, आणि कुठे तिकीटच नसतं. अशा ठिकाणी किती पावलं पडतात हे कळायला यंत्राशिवाय दुसरा नियमित मार्ग नाही. आकडा चुकला की संडास किती, कचरापेट्या किती, सकाळच्या पाळीला माणसं किती, हे सगळं चुकतं. तळ्याकाठची एखादी फाटा-वाट हिवाळ्यात बंद ठेवायची का, हेही या आकड्यावरून ठरतं. चक्रवाक, तलवार बदक, पट्टकदंब हंस असे पाहुणे पक्षी याच महिन्यांत आपल्या भागातल्या तळ्यांवर उतरतात. त्यांच्या शांततेचा निर्णय खोट्या आकड्यावर होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

यंत्राच्या बहुतेक माहितीपुस्तिका थंड देशांसाठी लिहिलेल्या असतात. त्यांतला हिवाळा म्हणजे बर्फ. बर्फ साचून वाटेची पातळी वर येते आणि कमरेच्या उंचीवरचा सेन्सर गुडघ्याशी येतो किंवा गाडलाच जातो. भिंगावर हिम बसतं, शून्याखाली अल्कलाइन सेल मंदावतात. तिथे हे खरंच आहे. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, ती इथली विक्रमी थंडी. एरवी कडक लाटेतही सात-आठ अंशांच्या आसपास. या थंडीने सेल मरत नाहीत, बर्फाचा तर प्रश्नच नाही. म्हणून पुस्तिकेतला हिवाळ्याचा भाग वाचून लोक सेल बदलतात आणि आकडा तसाच चुकत राहतो. नागपूरच्या हिवाळ्यात बदलतात ती माणसांची चालण्याची रीत, त्यांचे कपडे, सूर्याचा कोन, झाडांची पानं आणि सेन्सरच्या डबीतली हवा. तपासणी तिथेच करायची.

आधी रात्रीचे आकडे

वाट बंद असते त्या तासांत यंत्र शून्य दाखवायला हवं. ते दाखवत नसेल तर बाकी काही करण्याआधी हे सोडवा. रात्री खोटं मोजणारं यंत्र दिवसाही बहुधा खोटं मोजतं, फक्त गर्दीत ते दिसत नाही.

पीआयआर सेन्सर माणूस ओळखत नाही, तापमानही मोजत नाही. साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांत झपाट्याने झालेला बदल तो टिपतो. मागचं दृश्य एका तापमानाचं आणि त्यासमोरून वेगळ्या तापमानाचं काही सरकलं, की एक नोंद. ते काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हिवाळ्यातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे शेकोटी. रात्रपाळीचा चौकीदार गेटजवळ काटक्या पेटवतो. लपलपणारी ज्योत, वर उठणारी गरम हवा, शेकायला बसलेल्या माणसांची हालचाल, हे सगळं सेन्सरच्या टप्प्यात असेल तर नोंदी पडणारच. ओळखायची खूण सोपी आहे. आकडे शेकोटी पेटते त्या तासापासून सुरू होतात, विस्कळीत पण सलग असतात, पहाटे निखारे उरतात तसे विरळ होतात. सुट्टीच्या रात्री, चौकीदार नसताना, पूर्ण शून्य. असं दिसलं तर चौकीदाराला शेकोटी हलवायला लावू नका. आठ अंशांत रात्र काढणाऱ्या माणसाची ऊब काढून घेण्यापेक्षा काउंटर वाटेच्या आत तीस-चाळीस पावलांवर न्या. पुढे दिसेल की ते इतर कारणांसाठीही योग्य आहे.

जनावरांची खूण वेगळी. नीलगायींचा कळप किंवा रानडुकरं गेली तर एका मिनिटात सहा-आठ नोंदी आणि मग तासन्‌तास काही नाही. भटकी कुत्री रोज साधारण त्याच वेळी फेरी मारतात. सेन्सर जमिनीपासून फूट-दीड फुटावर असेल तर ती सगळी मोजली जातील. तो ८० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवर ठेवला तर बहुतेक कुत्री खालून जातात आणि सहलीला आलेली पहिलीतली मुलंही सुटत नाहीत. नीलगाय मात्र या उंचीवरही मोजली जाणार. त्यावर उपाय एकच, बंद तासांतल्या नोंदी हिशेबातून वगळणं. लंगूर दिवसाचे. सूर्य वर आला की डबीवरच बसतात, शेपटी समोर लोंबते आणि दहा मिनिटांत चाळीस माणसं होतात. डबीच्या वर निमुळतं, उतरतं टोपण बसवलं की त्यांना बैठक राहत नाही.

नक्की काय जातंय ते कळत नसेल आणि ट्रॅप कॅमेरा हाताशी नसेल, तर जंगलात काम केलेल्या वनमजुराला विचारा. वाघाच्या पाऊलखुणा घ्यायला वाटेवर बारीक चाळलेल्या मातीची पट्टी करतात, तशीच पट्टी काउंटरसमोर संध्याकाळी पसरायची आणि पहाटे पहिला माणूस यायच्या आत वाचायची. रात्री यंत्रात बारा नोंदी आणि मातीवर एकही पाऊल नाही, तर चूक शेकोटीची किंवा यंत्राची. पाऊलं असतील तर कोणाची ते मजूर सांगेल. यापेक्षा खात्रीशीर आणि स्वस्त चाचणी मला माहीत नाही.

सकाळी गर्दी जास्त, आकडा कमी

खरी चूक इथे आहे. उन्हाळ्यात माणसं एकेकटी, लवकर येतात आणि ऊन तापायच्या आत घरी जातात. हिवाळ्यात घोळक्याने येतात. कॉलनीतली मंडळी, योगवर्ग, लाफ्टर क्लब, निवृत्त मित्रांचे कंपू, शाळांच्या सहली. चार जण हातात हात घालून किंवा गप्पा मारत आडवे चालतात. वाटेच्या एका बाजूने बघणाऱ्या सेन्सरला त्यातला जवळचा एकच दिसतो, मागचे तिघे त्याच्या आडोशाला जातात. शिवाय एक नोंद झाल्यावर पुढची नोंद घेण्याआधी यंत्र क्षणभर थांबतं. एकाच माणसाचे हात-पाय दोनदा मोजले जाऊ नयेत म्हणून ही सोय असते. बहुतेक यंत्रांत हा विराम एक-दोन सेकंदांच्या आसपास असतो. पाठोपाठ चालणाऱ्या सहलीच्या रांगेत त्या विरामातही मुलं निसटतात.

म्हणजे गर्दी जितकी दाट, तितकी चूक मोठी. रविवारचा आकडा शनिवारपेक्षा कमी येतो तो यामुळे.

हा विराम काही यंत्रांत कमी करता येतो आणि लोक पहिली गोष्ट तीच करतात. माझं मत स्पष्ट आहे: त्याला हात लावू नका. तो कमी केला की एकटा चालणारा दोनदा मोजला जातो, काठी टेकत येणारे आजोबा तर तीनदा, आणि तुमची चूक आता दोन्ही दिशांनी होते. जागा बदला. वाट जिथे आपोआप अरुंद होते, माणसांना एकामागून एक जावं लागतं, अशी जागा शोधा: छोट्या पुलाच्या आधी, दोन खडकांच्या मधे, वळणावरच्या बांबूच्या कुंपणात. अशी जागा नसेल तर बांबूनेच दोन्ही बाजूंनी आठ-दहा फूट वाट आवळून घ्या. रुंदी दोघांना कशीबशी जाता येईल एवढी ठेवा, व्हीलचेअर अडणार नाही याची खात्री करा.

गेटजवळची जागा टाळायचं आणखी एक कारण नागपूरकरांना सांगायला नको. फेरी झाली की तर्री-पोहे, चहा, आवळ्याचा रस. माणसं गेटच्या आत-बाहेर घुटमळतात, एकमेकांना हाका मारतात, उरलेल्या मित्राची वाट बघत येरझारा घालतात. पीआयआरला स्थिर उभा माणूस दिसत नाही, पण जागच्या जागी दोन पावलं पुढे-मागे करणारा वारंवार दिसतो. तळ्याकाठी ट्रायपॉड लावून उभे राहणारे पक्षीनिरीक्षकही तसेच. काउंटर अशाच जागी हवा जिथे थांबायला कुणाला काही कारण नाही: बाक नाही, फलक नाही, तळं दिसत नाही, सावलीही विशेष नाही.

आता कपड्यांचं. उघड्या कातडीचं किंवा पातळ सदऱ्याचं बाहेरचं तापमान सकाळच्या गार हवेपेक्षा बरंच जास्त असतं, सेन्सरला ते ठळक दिसतं. जाड जाकीट, त्यावर शाल, डोक्याला माकडटोपी, गळ्याला मफलर असं केलं की ऊब आत राहते. कपड्यांचं कामच ते. बाहेरचा पृष्ठभाग हवेच्या तापमानाजवळ येतो आणि सेन्सरच्या दृष्टीने माणूस फिका होतो. कमरेच्या उंचीवरच्या सेन्सरला तर चेहराही दिसत नाही. तरी बहुतेक वेळा मोजणी होते, कारण मागची हवा-माती गार असते. पण वाट रुंद असेल आणि माणूस पलीकडच्या कडेने जात असेल तर फिका संकेत नोंद होण्याच्या मर्यादेखाली राहतो.

हे तपासायला चालून बघण्याची चाचणी करा. सहा-साडेसहाला, गर्दी नसताना, जाकीट-शाल घालून वाटेच्या जवळच्या कडेने दहा वेळा, मधून दहा वेळा आणि पलीकडच्या कडेने दहा वेळा जा. प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंद अंतर ठेवा. मग जाकीट काढून तेच. मग सोबत्याबरोबर आडवे, मग त्याच्या मागोमाग. प्रत्येक संचाची वेळ वहीत लिहा आणि यंत्राच्या नोंदींशी ताडा. पलीकडच्या कडेचे जाकीटवाले निसटत असतील तर वाट अरुंद करणं किंवा संवेदनशीलता एक पायरी वाढवणं, हे दोन मार्ग. संवेदनशीलता वाढवली तर रात्रीचे आकडे पुन्हा तपासायला विसरू नका.

ऊन आणि पानं

पावसाळ्यात बसवलेला सेन्सर डिसेंबरात सूर्याला तोंड देईल का, हा विचार बसवताना कुणी करत नाही. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनअखेर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला सुमारे २५ अंशांवर उगवतो, डिसेंबरअखेर तेवढाच दक्षिणेला. म्हणजे सहा महिन्यांत उगवतीची जागा जवळजवळ ५० अंश सरकते. जुलैत ज्या दिशेला नुसतं झाड होतं तिथून डिसेंबरात पावणेसातला थेट किरण भिंगावर येतात. दुपारीही सूर्य माथ्यावर येत नाही. २१-२२ डिसेंबरला भर मध्यान्ही तो क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे दक्षिणेकडे बघणारा सेन्सर दिवसभर उन्हाच्या माऱ्यात राहतो. आग्नेय ते नैर्ऋत्य या पट्ट्याकडे तोंड नसलेलंच बरं. उत्तरेकडे बघणारा सेन्सर आपल्या अक्षांशावर हिवाळ्यात सर्वांत निर्धास्त.

सेन्सरच्या समोर, वाटेच्या पलीकडे काय आहे हेही बघा. उघडा खडक किंवा मुरमाचा उतार दुपारी तापून हिवाळ्यातही पस्तिशी गाठतो, म्हणजे माणसाच्या कपड्यांएवढाच गरम होतो. मग समोरून गेलेला माणूस त्यात विरघळतो. दोन ते चारच्या तासांत आकडा संशयास्पद कमी असेल तर कारण हेच. समोर दाट, सावलीतलं झुडूप किंवा जाड बुंधा असावा.

झुडूप म्हटलं की सागाची पानं आली. आपल्या भागातला साग हिवाळ्यात हळूहळू मोकळा होत जातो. मोठं, उन्हाने तापलेलं पान सेन्सरजवळून तरंगत खाली आलं की ती एक नोंद. त्याहून वाईट म्हणजे पानं गळाल्यावर मागचं दृश्य उघडं पडतं. ऑगस्टमध्ये जिथे हिरवी भिंत होती तिथून जानेवारीत पलीकडचा रस्ता दिसतो आणि जाणारी दुचाकी मोजली जाते. वाळलेलं उंच गवत वाऱ्यावर डोलतं ते वेगळंच. समोरचा दीड-दोन मीटर पट्टा दर पंधरवड्याला विळ्याने साफ करा. पान-गवताची खूण अशी की खोट्या नोंदी उजाडल्यावर, वारा सुटल्यावर वाढतात आणि रात्री नसतात.

भिंगावरची कोळिष्टकं आणि भिंगासमोरच्या नळीत मातीचं घर करणारी कुंभारीण माशी, या दोन गोष्टी पावसाळा संपताना सुरू होतात. माशीने नळी लिंपली की आकडा एका दिवशी अचानक शून्यावर येतो आणि तिथेच राहतो. लोक सेल बदलतात, लॉगर परत पाठवतात, आणि कारण असतं बोटभर माती.

डबीतलं पाणी

दिवसा अठ्ठावीस, पहाटे दहा. या फरकात डबीतली दमट हवा भिंगाच्या आतल्या बाजूला दव होऊन बसते. पाणी या अवरक्त किरणांना जवळजवळ अपारदर्शक आहे, त्यामुळे पहाटेचे पहिले दोन-तीन तास आकडा दबलेला राहतो आणि ऊन लागलं की आपोआप सुधारतो. नेमके तेच गर्दीचे तास.

ओलावा आला कुठून, हे शोधायला मागे जावं लागतं. आपल्या मे महिन्याच्या पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांत डबीची रबरी कड कडक होऊन बारीक तडकते, जूनपासून त्या तड्यांतून दमट हवा शिरते, आणि डिसेंबरात ती दव म्हणून दिसते. म्हणून हिवाळ्यात नुसती डबी पुसून भागत नाही, कड बदला. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, रंग बदलणारी. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे, म्हणून नारिंगी दाणे घ्या. ओलावा शोषला की ते हिरवट होतात. साधारण ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा वापरता येतात. स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नका. सेलचं म्हणाल तर लिथियमचे सेल महाग पडले तरी घ्यावेत, पण थंडीसाठी नव्हे. उन्हाळ्यात सेल गळून संपर्काच्या पट्ट्या खाऊ नयेत यासाठी.

दोन खांबांमधला किरण तुटल्यावर मोजणारी यंत्रं असतील तर तळ्याकाठचं धुकं आणि काचेवरचं दव त्यांना जास्त बाधतं, आणि उगवतीचं ऊन किरण झेलणाऱ्या खांबावर पडलं तर ती आंधळी होतात. पावलाच्या वजनावरून मोजणाऱ्या, जमिनीखालच्या दाबपट्टीचं दुखणं आपल्या मातीचं आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, हिवाळ्यात वाळताना आकसून भेगाळते. पट्टीखाली पोकळी होते, वजन नीट पोहोचत नाही. बर्फाच्या देशांत घट्ट बसलेल्या बर्फामुळे पट्टीला पाऊल जाणवत नाही, इथे भेगांमुळे. काळ्या मातीत दाबपट्टी बसवायचीच असेल तर खाली मुरूम आणि वाळूचा थर देऊन बसवा आणि डिसेंबरात पुन्हा तपासा.

तारखांचा सापळा

यंत्र ठीक, जागा ठीक, तरी जानेवारीचा आलेख वेडावाकडा. फाइल उघडून तारखा बघा. अनेक लॉगर तारीख अमेरिकी पद्धतीने, आधी महिना मग दिवस, अशी लिहितात. आपला संगणक आधी दिवस वाचतो. मग ०१/१२ म्हणजे १२ जानेवारी, ते १ डिसेंबर होऊन बसतं. खूण पक्की आहे: महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांची माहिती वर्षभरातल्या महिन्यांत विखुरते आणि तेराव्या दिवसापासूनच्या तारखा तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत. हिवाळ्यात हे जास्त नडतं, कारण डिसेंबर आणि जानेवारी दोन्ही गर्दीचे, अदलाबदल झाली तरी आकडे पटण्यासारखे दिसतात. फाइल उघडताना तारखेची पद्धत हाताने निवडा, आणि यंत्राचं घड्याळ दर भेटीत मोबाइलशी लावून बघा.

हाताने मोजल्याशिवाय गुणक नाही

इथवरचं सगळं दुरुस्त झाल्यावर जी चूक उरते ती घोळक्यांची. ती यंत्रातून जाणार नाही. तिच्यासाठी माणसाने उभं राहून मोजायचं आणि यंत्राच्या आकड्याला गुणक लावायचा. क्रम उलटा करू नका. शेकोटी मोजणाऱ्या यंत्राला गुणक लावला तर शेकोटीलाही गुणाल.

दोघांनी बसावं, एकाने जाणारे आणि दुसऱ्याने येणारे मोजावेत, हातातल्या टॅली काउंटरने, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खान्यांत. दोन तासांपेक्षा जास्त एकाने बसू नये, लक्ष ढळतं. कडेवरचं मूल, सायकल, बाबागाडी मोजायची की नाही हे आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. आणि दाट गर्दीचे तास विरळ तासांपासून वेगळे ठेवावेत. हा मुद्दा आकड्यांत बघू. समजा रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ हाताने ४१२ आले आणि यंत्राने ३१८ दाखवले. हाताचा आकडा भागिले यंत्राचा, म्हणजे गुणक १.३०. बुधवारी दुपारी दोन ते चार हाताने ३७, यंत्राने ३६. गुणक १.०३. दोन्ही एकत्र करून एकच गुणक काढला तर तो १.२७ येतो. रविवारी तो जवळपास बरोबर चालतो, पण बुधवारच्या दुपारी ३७ माणसांची ४६ करतो. म्हणजे जिथे यंत्र बरोबर होतं तिथे आपण स्वतः चूक घातली. म्हणून हिवाळ्यात किमान तीन गुणक हवेत: सुट्टीची सकाळ, कामाच्या दिवसाची सकाळ, आणि उरलेला दिवस. पुरेसे पंधरा मिनिटांचे खाने जमले तर यंत्राचा आकडा आडव्या अक्षावर आणि हाताचा उभ्या अक्षावर मांडून बघा. दाट गर्दीत ठिपके वर वळताना दिसतील.

पावसाळ्यात काढलेला गुणक हिवाळ्यात वापरू नये, हे यातून आलंच. मोजणीसाठी नेहमीचे आठवडे निवडा. २५ डिसेंबर ते १ जानेवारी, संक्रांत, २६ जानेवारी हे दिवस वेगळे मोजता आले तर उत्तम, पण त्यांवरून सगळ्या हिवाळ्याचा गुणक काढू नका. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन इथे भरतं तेव्हा शहरातले रस्ते आणि लोकांच्या वेळा बदलतात, ते दिवसही नमुन्यात धरू नयेत.

एवढं केल्यावर जो आकडा मिळतो तो ओलांडण्यांचा, माणसांचा नव्हे. एकच काका सकाळी गोल वाटेवर चार फेऱ्या मारतात, काउंटरसमोरून चारदा जातात. जाऊन-येऊन असलेल्या वाटेवर दोनने भागण्याचा सोपा नियम गोल वाटेवर चालत नाही. बाहेर पडणाऱ्यांना विचारा, “आज इथून कितीदा गेलात?” आणि सरासरीने भागा. हा प्रश्न शेवटच्या फाटकावर, निघताना विचारायचा. काउंटरजवळ उभं राहून विचारलं तर चार फेऱ्यावाले तुम्हाला चौपट भेटतील, सरासरी फुगेल आणि माणसं प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतील. हिवाळ्यात ही सरासरीही वेगळी येते, थंडीत लोक जास्त वेळ चालतात.

मूळ आकड्यांच्या रकान्याला कधीही हात लावू नका. दुरुस्त आकडा शेजारच्या रकान्यात, आणि त्याच्या शेजारी कारण: “गुणक १.३०, सुट्टीची सकाळ” किंवा “लंगूर, वगळलं”. यंत्र बंद होतं त्या दिवशी शून्य लिहायचं नाही, खाना रिकामा ठेवायचा. शून्य म्हणजे कुणी आलं नाही, रिकामा म्हणजे कळलं नाही. रिकाम्या दिवसाचा अंदाज हवाच असेल तर आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांतल्या त्याच वाराची सरासरी घ्या आणि तो अंदाज आहे हे त्या खान्यातच लिहा.

हिवाळ्याचा गुणक कधी थांबवायचा, हे कॅलेंडरवरून ठरवू नये. सकाळच्या फेरीत शाली आणि जाकिटं दिसेनाशी झाली आणि घोळके पातळ झाले की, बहुधा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, एक सकाळ पुन्हा हाताने मोजा. गुणक बदललेला दिसला तर ती तारीख डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी जो कोणी ती उघडेल त्याला कुठल्या तारखेपासून कुठला गुणक लावायचा हे तिथेच सापडेल.